आमचा चहा पास झाला, हे कळवण्यासाठी

प्रिय मेहुणेराव यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा मनापासून नमस्कार. आम्ही इकडे ठणठणीत आहोत, तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. कंबर काय म्हणतेय? मागे फोनवर तुम्ही ‘बरी आहे’ म्हणालात, पण म्हणता म्हणता मध्येच ‘आई गं’ असंही म्हणालात, म्हणून विचारलं. वहिनींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर कॉफी कमी करा म्हणावं. (हे मी सांगत नाही, तुमचे बाबा सांगतात. जगातला कुठलाही आजार कॉफीने होतो आणि बरा झालेला प्रत्येक माणूस चहाने बरा होतो असं त्यांचं ठाम मत आहे. वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर म्हणून उभा जन्म काढलेल्या माणसाच्या मताविरुद्ध दाद कुठे मागायची, हे मला कुणी सांगितलेलं नाही.) फोन सोडून पत्र का लिहितोय असं तुमच्या मनात आलंच असेल. तर फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तुमची बहीण ‘द्या इकडे, तुमचं कधी संपायचं’ म्हणून फोन काढून घेते, आणि आज मला जे सांगायचंय ते दोन वाक्यांत मावणारं नाही.

तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊक आहे, तरी मी सुरुवातीपासून सांगणार, कारण मला मधूनच सांगता येत नाही. (शिकाऊ माणसाने आधी सीट सरकवायची, मग आरसा, मग पट्टा. थेट गिअरला हात घातला की मी हातावर चापटी मारतो. इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवल्यावर माणूस घरातही असाच होऊन बसतो, असं तुमची बहीण म्हणते.) सासूबाई गेल्या, बाबा काही महिने तुमच्याकडे राहिले आणि या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे आले. सोबत कपड्यांची एक छोटी बॅग आणि चहाच्या सामानाची एक भली मोठी पेटी. पेटी मी एकट्याने वर चढवली आणि माझी कंबर तेव्हापासून तुमच्या कंबरेच्या पंक्तीत जाऊन बसली आहे. संध्याकाळी बाबांनी आम्हा दोघांना समोर बसवून निकाल सुनावल्यासारखं सांगितलं, की ज्या घरात मला पिण्यासारखा चहा मिळेल त्या घरात मी राहीन. तुमच्या घरी कॉफी, म्हणजे तुम्ही परीक्षेला बसलाच नाहीत, सुटलात. आमच्याकडेही जमलं नाही तर उन्हाळा संपता संपता दादाला, म्हणजे तुम्हाला, बोलावून घेईन, त्याच्याकडून किल्ली घेऊन माझ्या घराचं कुलूप काढीन आणि एकटा राहीन. हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की तुमची बहीण उठून आत गेली. त्या घराच्या न्हाणीघरात ते पाय घसरून पडले होते आणि शेजाऱ्यांनी दार वाजवेपर्यंत तसेच पडून होते, हे ती विसरलेली नाही. रात्री मला म्हणाली, बाकी काही करू नका, पण चहा शिका. आता तुम्हीच सांगा, या वयात माणसाने काय काय शिकायचं?

बरं, आमच्या घरचा चहा म्हणजे काय होता ते तुम्ही प्यायलेले आहात. भांड्यात पाणी, पावडर, दूध, साखर एकदमच टाकायची आणि उतू गेलं की झाला. पहिल्या दिवशी तो मी मोठ्या कौतुकाने बाबांसमोर ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही. चहाचा डबा कुठे ठेवता एवढंच विचारलं. डबा आमचा सिंकखालच्या कपाटात, एका अंगाला साबणचुरा आणि दुसऱ्या अंगाला डांबराच्या गोळ्या. बाबांनी झाकण उघडून हुंगलं, डोळे मिटले आणि म्हणाले, हा चहा नाही, हा पुरावा आहे. डबा जागच्या जागी जप्त झाला. जप्तीच्या वेळी दोन साक्षीदार लागतात म्हणून मला आणि तुमच्या बहिणीला उभं केलं होतं.

मग पेटी उघडली. तुम्ही ती लहानपणापासून पाहिली असेल, मला नवलच वाटलं. एक चिमुकला पितळी तराजू, त्याची वजनं एकेका खाचेत निजवलेली. आतबाहेर अजिबात चकाकी नसलेली, तपकिरी मातीची एक चहादाणी, तिच्या झाकणावर हरभऱ्याएवढी मूठ. पांढरे कप, बशा, गाळणं, लाकडी चमचा, आणि पानांचा चहा ठेवायचा एक डबा, ज्याला आतलं एक आणि बाहेरचं एक अशी दोन झाकणं. (एक झाकण विसराळू माणसासाठी, असं बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. तेव्हा आमची ओळख एवढी झालेलीही नव्हती.) लगेच घरातली मापं तपासायला घेतली. स्वयंपाकघरातला काटा पहिल्या दिवशी नापास, बाथरूममधला वजनकाटा दुसऱ्या दिवशी. तो काटा कमी दाखवत होता हे सिद्ध झाल्यामुळे तुमच्या बहिणीचं वजन एका सकाळीत वाढलं, आणि बाप-लेकीत त्या दिवशी बोलणं नव्हतं. मी कुणाच्याच बाजूने बोललो नाही. संसार करून मी तेवढं शिकलोय.

आता शिकवणी. मेहुणेराव, मी आजवर शेकडो माणसांना गाडी शिकवली. त्यात रडणारे होते, डोळे मिटून घेणारे होते, एक गृहस्थ तर वळताना मला मिठी मारायचे. पण शिकवून घेणाऱ्याच्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. बाबांचं म्हणणं असं, की नळातून ताजं पाणी घ्यायचं, एकदाच उकळायचं. तेच ते पाणी पुन्हा पुन्हा तापवलं की त्यातला जीव जातो आणि चहाला मेलेली चव येते. चहादाणी आधी गरम पाण्याने विसळून तापवायची, नाहीतर कढत पाणी तिच्या अंगाला लागून गार होतं आणि पानं उघडत नाहीत. काळ्या चहावर पाणी थेट कढत ओतायचं, हिरव्यावर जरा निवू देऊन, नाहीतर तो कडू होतो. झाकण ठेवायचं आणि थांबायचं. मध्येच झाकण उघडून डोकवायचं नाही. चमच्याने पानं दाबायची नाहीत, पिळायची तर मुळीच नाहीत. वेळ झाली की सगळा चहा ओतून घ्यायचा, पानं पाण्यात कुजत ठेवायची नाहीत. ऐकायला सोपं वाटतंय ना? माझ्याकडे येणाऱ्या माणसांनाही क्लच ऐकायला सोपाच वाटतो.

माझी अडचण पायाची. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो, त्यामुळे समोर काहीही वाहताना, धावताना, सरकताना दिसलं की माझा उजवा पाय आपोआप जमिनीत घुसतो. चहा ओतायला लागलो आणि कप भरत आला की पाय खाड्कन खाली. स्वयंपाकघरातलं टेबल आधीच एका पायाने लंगडं, ते हलायचं आणि चहा बशीत. बाबा म्हणाले, जावईबुवा, कप थांबलेलाच असतो, तुम्ही हात थांबवा. हे मला पटतं, पण पायाला अजून पटलेलं नाही. दुसरी गंमत वेळेची. बाबांचा घड्याळावर विश्वास नाही, कारण घरच्या घड्याळावर खात्याचा शिक्का नसतो. चहा मुरायची वेळ ते स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवून नाडीवर मोजतात. फार दिवस मला कळेना, की एकाच मापाची पानं, एकच पाणी, मग चहा कधी छान लालभडक आणि कधी नुसता पिवळट कसा? मग लक्षात आलं. ज्या दिवशी माझ्यावर चिडलेले असतात त्या दिवशी नाडी धावते, चहाची वेळ लवकर भरते आणि पाणचट चहाचा ठपका माझ्यावर येतो, म्हणून ते आणखी चिडतात. हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी फक्त चहाच्या आधी अर्धा तास त्यांच्याशी गोड बोलायला लागलो, आणि मेहुणेराव, चहात फरक पडला हो!

आणि इथेच मी माती खाल्ली. चहादाणीच्या आतून तपकिरी पुटं चढलेली होती. एके दुपारी बाबा झोपलेले पाहून मला वाटलं, आपणहून काही काम करून त्यांना खूश करावं. घरातला साबण साधा, चांगल्या वस्तूला चांगलंच वापरावं म्हणून मी खाली जाऊन गाडी धुवायचा शाम्पू आणला. (आत मेण असतं, पाण्याचा थेंब काचेवर ठरत नाही. महागातला आहे.) घासघासून चहादाणी अशी लख्ख केली की मलाच माझा अभिमान वाटला. संध्याकाळी त्यातून चहा ओतला तर कपावर फेस, आणि वास लिंबाचा. बाबांनी एक घोट घेतला, कशाने धुतली ते विचारून घेतलं, छताकडे बघितलं आणि म्हणाले, आता पावसात भिजलो तरी माझ्या पोटात पाणी ठरायचं नाही. मग समजावलं, की चकाकी नसलेल्या मातीची चहादाणी सगळं पिऊन घेते, साबणही. ती नुसत्या गरम पाण्याने धुवायची, झाकण काढून उपडी न ठेवता वारा लागेल अशी सुकवायची, बस. ते पुट म्हणजे घाण नव्हती, इतक्या वर्षांचा चहा होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती चहादाणी उचलून हुंगली आणि तुमची बहीण माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मी लग्नात सुद्धा पाहिली नव्हती.

उपाय बाबांनीच सांगितला. चहादाणी मोठ्या पातेल्यात साध्या पाण्यात मंद उकळायची, पाणी बदलायचं, पुन्हा उकळायची, लिंबाचा वास जाईपर्यंत. मग वापरलेल्या चहाच्या पानांसोबत उकळायची. आणि मग पार कोरडी होईपर्यंत उबदार जागी उघडी ठेवायची. आता आमचं स्वयंपाकघर ओलसर, खिडकीत ऊन येत नाही. उबदार, कोरडी, हवेशीर अशी एकच जागा माझ्या ताब्यात आहे, ती म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेमागची. मी चहादाणी टॉवेलमध्ये गुंडाळून, झाकण शेजारी ठेवून, तिथे बसवली आणि शिकवणीला निघालो. त्या वेळेला दातांच्या एक डॉक्टरीणबाई येतात. स्वभावाने अगदी मऊ, बोलणं हळू, पण ब्रेक असा मारतात की दाढ उपटतायत असं वाटावं. कोपऱ्यावर एक मांजर रस्ता ओलांडत होतं. ओलांडत कसलं, मध्ये बसून पाय चाटत होतं. बाईंनी ब्रेक मारला, त्याच क्षणी माझ्या पायाने माझा ब्रेक मारला, दोन ब्रेक एकदम लागल्यावर गाडी जागच्या जागी रुतली आणि चहादाणी टॉवेलसकट उडून माझ्या पोटावर आली. पोट वाढल्याबद्दल तुमची बहीण मला रोज बोलते, पण त्या दिवशी पोट होतं म्हणून चहादाणी वाचली. झाकण मात्र गिअरवर आपटलं आणि त्याची हरभऱ्याएवढी मूठ तुटून माझ्या बुटाशी येऊन पडली. मांजर उठलं नाही ते नाहीच.

माझी पाचावर धारण बसली. तुटलं ते झाकण नव्हतं, मेहुणेराव, मला समोर तुमच्या वडिलांचं जुनं घर, ते कुलूप आणि ते न्हाणीघर दिसायला लागलं. डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगून टाकलं. सासरे, चहा, अट, लिंबाचा वास, सगळं. त्यांनी मूठ हातात घेऊन वळवून पाहिली आणि म्हणाल्या, हे तर बसवता येईल. कुठला तरी चिकट पदार्थ चहात उतरेल म्हणून मी घाबरलो, तर म्हणाल्या, अहो, मी लोकांच्या तोंडात जे बसवते त्याच्यावरूनच ते आयुष्यभर चहा गिळतात. गाडी थेट दवाखान्यात नेली. बाहेर गाल सुजलेले एक आजोबा बसले होते, त्यांनी मला हातात झाकण धरून आत जाताना पाहिलं आणि ते उठून निघूनच गेले. मी खुर्चीत आडवा, झाकण माझ्या छातीवर, वर दिवा. बाईंनी दाताचं भरतात ते भरलं, त्यावर निळा उजेड धरला, घासून गुळगुळीत केलं आणि सवयीने मला म्हणाल्या, तासभर काही खाऊ नका. मी बरं म्हणालो आणि खरंच खाल्लं नाही.

काम इतकं बेमालूम झालं होतं की तुमच्या बहिणीलाही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शहाजोगपणे चहा मांडला. बाबांनी झाकण उचललं. उचलून धरून ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मग तराजू मागवला आणि झाकण एका पारड्यात ठेवलं. मेहुणेराव, ज्या माणसाने जन्मभर वजनं तपासली त्याच्या हाताला झाकणाचं वजन पाठ असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. झाकण जड झालंय, ते म्हणाले. मी तिथल्या तिथे सगळं कबूल केलं, मांजरासकट. शेवटी कसलं भरलंय म्हणून विचारलं, मी सांगितलं, दातात भरतात ते. बाबांनी झाकण पारड्यातून उचलून डोळ्यांजवळ धरलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं त्यांना काही होतंय, मी पाणी आणायला धावलो, तर ते हसत होते! सासूबाई गेल्यानंतर ते हसलेलं आम्ही पाहिलंच नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, झाकणाला दात आलाय. तेव्हापासून रोज चहा झाल्यावर झाकण विसळताना मला विचारतात, दात घासले का? तुमची बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकते आणि आत जाऊन उगाचच भांडी आवरते.

त्यानंतर चहा सुधारत गेला हे मी स्वतःच्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही, पण सुधारत गेला. बाबा आता प्यायला लागले. फक्त एकच गोष्ट खटकायची. अर्धा कप प्यायचे, हं म्हणायचे आणि कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून द्यायचे. रोज अर्धा. इन्स्पेक्टर माणूस, अर्धा ठेवला म्हणजे अर्धा नापास, असंच आम्ही दोघं समजलो. मी जिवाचं रान केलं. किटलीच्या तळाला पांढरा थर बसला होता तो व्हिनेगर घालून उकळून काढला आणि नंतर साधं पाणी दोनदा उकळून फेकलं. कपांचे डाग खाण्याच्या सोड्याने बोटाने चोळून घालवले. (शाम्पूच्या बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही.) पानं बदलली, नळ बदलला, शेजाऱ्यांच्या नळाचं पाणी आणलं. शिकवणीला आलेल्या माणसांना थांबवून ठेवून मी गाडीतून घरी फोन करायचो, आज किती उरला? तुमची बहीण हळूच सांगायची, अर्धाच. उन्हाळा संपत आला होता. बाबांनी एकदा पेटीच्या कड्या तेल घालून ठेवलेल्या तिने पाहिल्या, आणि त्या रात्री ती जेवली नाही.

मग गेल्या आठवड्यातली एक दुपार. मी चहा केला, अगदी मन लावून. बाबांनी अर्धा घेतला, हं म्हणाले, कप कट्ट्यावर. तुमची बहीण आतून आली, कप पाहिला आणि तिचा बांधच फुटला. बाबा, काय कमी पडतंय ते तरी सांगा, म्हणाली, आणखी काय करायचं राहिलंय आमचं, आणि डोळे भरून उभी राहिली. मी गाळणं हातात धरून तसाच. बाबा खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, कमी काही नाही गं. उरलेला अर्धा तुझी आई प्यायची. गार झालेलाच आवडायचा तिला. जन्माची सवय, हात आपोआप थांबतो. मेहुणेराव, मला तोंडात मारल्यासारखं झालं. सासूबाईंच्या हातात कायम कप मी स्वतः पाहिलेला आहे, सकाळ नाही, संध्याकाळ नाही, कप असायचाच, आणि तरी माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. तुमच्या बहिणीने डोळे पुसले, खुर्ची ओढली, बाबांच्या शेजारी बसली आणि तो अर्धा कप उचलून प्यायली. संपूर्ण. तेव्हापासून रोज तसंच चाललंय. बाबा अर्धा पितात, ती अर्धा पिते, आणि दोघं खिडकीशी बसून शाळेतल्या बाईंपासून ते कुठल्याशा हरवलेल्या छत्रीपर्यंत काहीबाही बोलत बसतात. मला आत बोलावत नाहीत. मी आत उभा राहून कप विसळतो, आणि खरं सांगू, मला फार बरं वाटतं. माझा चहा आधीपासूनच पास होता, हे कळायला फक्त उशीर झाला.

तेव्हा हा आनंदाचा मजकूर कळवण्यासाठीच हे पत्र. वहिनींना नमस्कार सांगा, कंबर शेकत राहा. पानांचा चहा नीट कसा करायचा हे कधी शिकायचं असेल तर मला विचारायला संकोच करू नका, आता मला त्यातलं कळतं.

तुमचे,
गाडीवाले भावोजी

ता. क. या महिनाअखेरीला तुम्ही बाबांना न्यायला किल्ली घेऊन येणार असं ठरलं होतं. तुम्ही जरूर या, चार दिवस राहा, पण किल्ली आणू नका. बाबा ‘राहतो’ असं तोंडाने अजून म्हणालेले नाहीत, आणि किल्ली समोर दिसली की माणसाला उगाच जावंसं वाटतं. विचारलंच तर हरवली म्हणा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे माहीत आहे, म्हणून खरंच कुठेतरी हरवा.

ता. क. पाकीट चिकटवून बाबांकडे वजनाला देतोय. तिकीट किती लावायचं ते पोस्टाच्या काट्यावर ठरवायला त्यांची तयारी नाही.

चिरंजीवास अनेक आशीर्वाद. हे मी लिहितो आहे, तुझा बाप. सदर पाकीट माझ्याकडे वजनासाठी आले. आत काय आहे हे पाहिल्याखेरीज वजनाला मान्यता देण्याची मला सवय नाही, म्हणून किटलीच्या वाफेवर उघडले व मजकूर तपासला. एक दुरुस्ती आवश्यक आहे. जावईबुवांचा चहा पास झालेला नाही. पाणी ते अजूनही दोनदा उकळतात, मी पाहत नाही असे समजून पाने चमच्याने दाबतात, आणि ओतताना पाय आपटतात त्याने गाळ वर येतो. अर्धा कप मी ठेवतो तो अर्ध्यापुढे घशाखाली उतरत नाही म्हणून. तुझ्या बहिणीचे डोळे भरलेले पाहून काहीतरी सांगणे भाग होते, म्हणून तुझ्या आईचे नाव सांगितले. तुझ्या आईने चहाला जन्मात तोंड लावले नाही, तिच्या कपात गरम पाणी असे, हे तुला ठाऊक आहेच. मुलगी विसरलेली दिसते. तिला आठवण करून देऊ नकोस. खोट्या मापांवर आयुष्यभर खटले भरले आणि म्हातारपणी स्वतःच एक खोटे माप दिले. पण ती आता रोज दुपारी माझ्याजवळ बसते. त्यामुळे चहा उद्या सुधारला तरी मी अर्धाच पिणार आहे. किल्ली हरवण्याचे कारण नाही, जपून ठेव, फक्त आणू नकोस. पत्र जड भरले. तिकीट एक जास्त लावले आहे.

दादा, मी. बाबांनी पाकीट पोस्टात टाकायला दिलं तेव्हा त्याची कड ओलसर लागली, म्हणून मग मीही किटली ठेवली. (माझं पाणी जास्त खळखळलं, कागद सुरकुतलाय, सांभाळून घे.) आईच्या कपात गरम पाणी असायचं हे मी कशी विसरेन? तिला ते नेऊन द्यायचं काम माझंच होतं ना! बाबा जन्मात कुणाशी खोटं बोललेले मला आठवत नाहीत. त्या दुपारी माझ्यासाठी बोलले, तेव्हाच मला कळलं की त्यांनाही जायचं नाहीये. ह्यांना यातलं काही कळवू नकोस, सध्या फार खुशीत आहेत. चहा मात्र खरंच भयंकर असतो रे. मी रोज तळाच्या घोटापर्यंत पिते.